मृष्टान्न

शहापूर, बेळगाव

प्रिय संजू,

कुंद्याचा डबा पाठवलाय, सोबत गोकाकचं करदंटही. कानडीत 'करिद' म्हणजे तळलेला आणि 'अंटु' म्हणजे डिंक, हे तुला ठाऊक आहेच. आपण दोघं त्या डिंकासाठीच भांडायचो. पण आज लिहायला बसलो ते दुसऱ्याच शब्दासाठी.

परवा शेजारच्या अप्पांच्या नातीचं लग्न झालं. पंगत उठताना अप्पा समाधानानं कानडीत म्हणाले, "मृष्टान्न भोजन आय्तु!", म्हणजे मृष्टान्न भोजन झालं. लहानपणापासून त्यांच्या तोंडी हे ऐकतोय. मला वाटायचं, आपल्या 'मिष्टान्ना'चा ते चुकीचा उच्चार करतात. चूक माझीच होती, संजू. मूळ रूप त्यांच्याकडेच आहे.

संस्कृतात 'मृज्' म्हणजे पुसणं, घासून स्वच्छ करणं. त्यावरून 'मृष्ट': स्वच्छ, निवडलेलं, म्हणून रुचकर. साखरेचा त्यात मागमूस नाही! प्राकृतात त्याचं 'मिट्ठ' झालं, आणि त्यालाच पुन्हा संस्कृत वळण देऊन 'मिष्ट'. हिंदीतला 'मीठा' या 'मिट्ठ'चाच, आपली 'मिठाई'ही. आणि आपलं मीठही! गुजरातीत तर 'मीठुं' म्हणजे मीठही आणि गोडही. एकाच शब्दानं बर्फीही दाखवावी आणि आमटीतला खडाही, याचं मला दोन दिवस नवल वाटतंय. पण विचार केला तर सरळ आहे. जेवण ज्यानं रुचकर होतं, ते मीठ.

आपला 'गोड' याच्या उलट वाटेनं आला. तो गुळातून निघाला. 'गुड'पासून 'गौड', म्हणजे गुळाचं, आणि त्याचं 'गोड'. पण पुढे तो गूळ सोडून कुठे कुठे गेला बघ: गोडं वरण, गोडं तेल, गोडं पाणी. आईच्या गोड्या वरणात मीठच असायचं, साखर कधीच नाही. तूप-भातावर ते ओतून ती म्हणायची, "गोड मानून घे." तेव्हा त्या शब्दाकडे लक्षच गेलं नाही.

इथे भाषेवरून किती कटुता पाहिली आपण. म्हणून अप्पांच्या त्या एका शब्दाचा मला इतका आनंद झाला. आपल्या घरातून हरवलेला 'मृ' त्यांच्या पंगतीत रोज वाढला जात होता. संध्याकाळी त्यांच्याकडे जातोय. हे सगळं त्यांना सांगायचंय.

डबा पोचला की कळव. कुंदा लगेच संपव. करदंट टिकतं.

तुझाच,
विनू