सेवाग्रामच्या सारवणाऱ्या मावशींना

मावशी,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं जाहीर लिहितो. आश्रमात जाणारं कोणी वाचेल आणि तुम्हाला सांगेल.

गेल्या महिन्यात आईला घेऊन बापू कुटी पाहायला आलो होतो. आमचं गाव कळंबच्या बाजूला. मी आपला गाइड झालेला. १९३६ साली गांधीजी इथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जायचं म्हणून १९४० साली ते सेवाग्राम झालं, ही कुटी आधी गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची, मग बापूंची... सगळं पाठ. व्हाइसरॉयनं बसवून दिलेला टेलिफोन दाखवला, साप धरून रानात सोडायचा पिंजरा दाखवला. आई नुसती 'हो का' म्हणायची. नजर खाली जमिनीवर. शेवटी म्हणाली, "काऊन रे, इतकं सारखं सारवन कोन करते?"

मागच्या एका ओसरीत तुम्ही शेणाचं घमेलं घेऊन बसला होता. आई तुमच्याजवळ जाऊन टेकली. (एसटीत चढताना तिला दोघांनी हात द्यावा लागतो. त्या दिवशी आपली आपण खाली बसली.) बसल्या बसल्या म्हणाली, "शेन ताजं हाय वं बाई, पन माती जराशी जास्त झाली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र हसून घमेलं तिच्याकडे सरकवलं. "मंग तुमीच हात फिरवा नं."

तिनं पदर खोचला. भिंतीपासून स्वतःकडे हात ओढत, अर्ध्या चंद्रासारखे एकावर एक पट्टे. एकाची कड दुसऱ्याखाली अशी जिरायची की जोड शोधून सापडू नये. आमचं मातीचं घर पाडून स्लॅब टाकला त्याला दहा वर्षं झाली. तेव्हापासून फरशी, फिनाईल आणि पोछा. हा हात मी विसरलोच होतो.

मग तुम्हा दोघींचं जे सुरू झालं! मिरगाआधी कवेलू (कौलं) फेरणं, वानरांनी ते फोडणं, पांढरी माती कुठली चांगली. मीराबेननं कुटीच्या भिंतीवर मातीतच उठवलेली झाडं आणि चरखा मी सकाळी घाईघाईनं दाखवून मोकळा झालो होतो. पांढऱ्या मातीनं भिंत पोतारताना त्या झाडाच्या कडेनं बोट हळू न्यावं लागतं, नाही तर पान बुजतं, हे तुम्ही आईला सांगितलं. मी परत जाऊन ती पानं पाहिली.

आमची चारची गाडी गेली. तुम्ही आईच्या हातावर पाणी घातलंत, नखातलं शेण काढायला काडी दिलीत. रस्ताभर ती हाताचा वास घेत होती.

तुमचे खूप आभार, मावशी. दिवाळीनंतर पुन्हा येतो आहोत. आमच्या शेताजवळची पांढरी माती तुमच्या मातीपेक्षा चिकट आहे असं आईचं म्हणणं आहे, आणि तिनं आत्तापासून पिशवी भरून ठेवली आहे.

तुमचा,
त्या आजींचा मुलगा