घरकुलची पाटी

कुडाळ
गौरी-गणपतीनंतरचा आठवडा

प्रिय मंदे,

तुझं पत्र गौरी जेवल्या त्याच दिवशी हातात पडलं. घरात पाहुणे, स्वयंपाकघरात बसायला पाट नाही, म्हणून उत्तराला उशीर. रागावली असशील तर राग आवरता घे, कारण काम तुझंच करत होते. नव्या फ्लॅटच्या दारावर सागवानी पाटी आणि तिच्यावर पॉलिमर क्लेची रंगीत अक्षरं, "घरकुल". फर्माईश मला आवडली. फळी मी इथून देते, अक्षरं तू तिथे कर. सुनेने एवढ्या हौसेने क्लेच्या वड्या आणल्यात, त्या कपाटात पडून राहण्यात काय अर्थ?

आधी एक सांग, त्या वड्या ठेवल्यास कुठे? तुझ्या पश्चिमेच्या गॅलरीत असतील तर आत्ताच्या आत्ता उचल. नागपूरचं ऊन त्या कच्च्या क्लेला सोसत नाही. ऑक्टोबरातसुद्धा बंद काचेमागे महिनाभर राहिली तर पाकिटातच अर्धीमुर्धी कडक होते आणि मळायला घेतली की चुरा होतो. आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेव. प्लास्टिकच्या डब्यात ठेवणार असशील तर वड्या त्यांच्या वेष्टनासकट ठेव, कारण काही जातींचं प्लास्टिक ही क्ले अक्षरशः खाते, डब्याला चिकट खड्डे पडतात.

नावात क्ले असली तरी मातीशी तिचा काही संबंध नाही. पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं एक तेलकट द्रव्य आणि रंग, एवढाच मामला. त्यामुळे ती वाऱ्यावर वाळत नाही, आज अर्धवट सोडलेलं काम पुढच्या आठवड्यात पुढे चालू करता येतं. उष्णता मिळाली की ते कण एकमेकांत विरघळून एकजीव होतात. फिमो नावाच्या क्लेला 110 अंश लागतात, दुसऱ्या काही कंपन्यांच्या क्लेला 130, म्हणून पाकिटावरचा आकडा वाच. साधारण 6 मिलीमीटर जाडीला अर्धा तास. आणि तुझ्या ओटीजीच्या बटणावर अजिबात भरवसा ठेवू नकोस. त्या बटणाचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांच्यात वीस-तीस अंशांचा फरक सहज असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो तो आण. कमी भाजली तर अक्षरं ठिसूळ होतात, फार तापली तर करपतात आणि धूर डोळ्यांना, घशाला झोंबतो, तो आम्लाचा असतो. तसं झालंच तर ओव्हन बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि सगळ्यांनी बाहेर जायचं. लाटणं, सुरी, ताटली जे काही क्लेला वापरशील ते पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही. तुझा चकलीचा सोऱ्या दोरे पाडायला झकास आहे खरा, पण मग चकलीसाठी नवा घ्यावा लागेल, आणि भाऊजी ते ऐकून घेतील असं मला वाटत नाही.

फिमो या नावाची गंमत तुला सांगायचीच राहिली. जर्मनीत केटे क्रूझे नावाच्या बाई बाहुल्या करायच्या, त्यांचा मोठा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बाहुल्यांसाठी म्हणून हा पदार्थ त्यांच्याकडे आला, पण कारखान्यात काही तो चालला नाही. मग त्यांच्या मुलीने, सोफीने, तो खेळायला घेतला. घरात तिला फिफी म्हणत. तिने त्याचे रंग बसवले, संच करून विकले आणि 1964 साली ते सगळं एबरहार्ड फाबर या पेन्सिलवाल्या कंपनीला दिलं. फिफीवरून फिमो. आता ते नाव श्टेटलरकडे आहे, तीच आपली निळी पेन्सिल. म्हणजे आपल्या कंपासपेटीत बसलेल्या घराण्यातलीच ही क्ले आहे!

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस, "कच्ची अक्षरं थेट फळीवर चिकटवून फळीच ओव्हनमध्ये घालते." तसं करू नकोस. लाकडात पाणी असतं, दिसत नसलं तरी असतंच. 110 अंशांवर त्याची वाफ होते आणि वर क्ले बसलेली असल्यामुळे तिला वाट मिळत नाही. क्लेला फुगे येतात, नाहीतर अक्षर खालून सुटून वर उचललं जातं. छोट्या वस्तूला उपाय आहे. लाकडाची डबी किंवा चमच्याचा दांडा आधी तसाच, क्लेशिवाय, तासभर ओव्हनमध्ये तापवून सुकवायचा, गार झाला की फेव्हिकॉलचा पातळ हात द्यायचा, तो वाळला की क्ले लावायची. फेव्हिकॉल न लावता गुळगुळीत लाकडावर क्ले धरत नाही. देवदार-चीडसारखं राळेचं लाकूड तर ओव्हनमध्ये घालायचंच नाही, डिंक पाझरून सगळं काम चिकट होतं. सावंतवाडीची लाखेची खेळणीही नाहीत. लेथवर लाकूड फिरवताना घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून ती खेळणी रंगवतात. जी लाख तेवढ्या उष्णतेने वितळते ती 110 अंशांत काय टिकणार? चितार आळीतला भोवरा घेऊन त्यावर क्लेची फुलं बसवायची असतील तर फुलं वेगळी भाजून मग चिकटवायची.

पण तुझी फळी दीड हात लांब आणि वीतभर रुंद आहे, ती ओव्हनमध्ये मावणारही नाही. आणि मावली असती तरी खरी अडचण पुढेच आहे. आमचे मेस्त्री रंधा मारता मारता म्हणाले, "बाये, लाकूड मेला तरी पाणी पिता." पावसाळ्यात कोकणातली हवा पिऊन फळी फुगलेली असते. ती नागपूरला आली की दिवाळीपासून आटायला लागणार आणि मेमध्ये पार आटणार. वीतभर रुंदीत दोनेक मिलीमीटर सहज. सागवान त्यातल्या त्यात शहाणं, आंबा असता तर आणखी. भाजलेली क्ले मात्र आहे तेवढीच राहते. एका प्रदर्शनात मी आंब्याच्या लाकडावर क्लेची नक्षी केलेली घड्याळं पाहिली होती. नक्षी कडेपासून कडेपर्यंत पक्की चिकटवलेली, आणि प्रत्येक घड्याळावर नेमका लाकडाच्या रेष्यांना समांतर तडा गेलेला. विकणारा बिचारा थंडीला दोष देत होता.

पण लाकूड फुगतं-आटतं ते रुंदीत. रेष्यांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ हलत नाही. आणि आपली शिरोरेषा कुठे जाते? लांबीतच! म्हणून असं ठरवलंय. "घरकुल"ची शिरोरेषा एकसंध पट्टी, फळीच्या रेष्यांना समांतर. चारही अक्षरं तिला खालून जोडलेली. फळीला फक्त शिरोरेषा पक्की करायची, अक्षरांची पोटं आणि पाय फळीवर नुसते टेकलेले, चिकटवलेले नाहीत. फळी आटेल, फुगेल, अक्षरांखालून सरकेल, अक्षरांना पत्ता लागणार नाही. इंग्रजी अक्षरं असती तर प्रत्येकाला वेगळा आधार द्यावा लागला असता. आपली मुळातच लोंबकळायला बनलेली आहेत.

शिरोरेषा पक्की करायची ती नुसत्या गोंदाने नको. कच्ची असतानाच पट्टीच्या पाठीत तांब्याच्या तारेचे छोटे तुकडे रोव. क्ले धातूला चिकटत नाही, म्हणून तारेचं आतलं टोक आकड्यासारखं वळव म्हणजे ते आत अडकून राहील. एक टोक घ च्या वर, एक ल च्या वर, दोन मध्ये. भाजून झालं की फळीला त्याच जागी गिरमिटाने भोकं पाडायची, भोकात अराल्डाइट या पक्क्या गोंदाचा थेंब, तार आत. झटपट चिकटणारा तो पातळ गोंद इथे वापरू नकोस, तो काचेसारखा कडक होतो आणि धक्क्याने सुटतो.

अक्षरं कापताना दोन ठिकाणी जपायचं. घ ची शिरोरेषा शेवटपर्यंत अखंड हवी, डावीकडे जरा जरी तुटली तरी लोक "धरकुल" वाचतील आणि तुझ्या सोसायटीचा वॉचमन जन्मभर तेच म्हणेल. दुसरं म्हणजे कु चा उकार. तो पाठीमागून बारीक तारेवर घडव, नाहीतर पहिल्याच दिवाळीत कुणाच्या तरी ओढणीला अडकून तुटेल. अक्षरं 5 मिलीमीटर जाडीची ठेव, गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर साधा कोरा कागद घालून त्यावर भाज. नुसत्या फरशीवर भाजलीस तर खालची बाजू चमकते. गरम असतानाच उचलायची घाई नको, वर दुसरी फरशी ठेवून गार होऊ दे, म्हणजे पट्टी वाकणार नाही.

रंगाबद्दल तू विचारलंस. कुंकवाच्या लालपासून हळदीच्या पिवळ्यापर्यंत हळूहळू उतरत जाणारा रंग हवा असेल तर सोपं आहे. दोन रंगांचे त्रिकोण एकमेकांना लावून चौकोन कर, लाट, अर्ध्यात घडी घाल, पुन्हा लाट. प्रत्येक वेळी घडी त्याच दिशेने. दहा-पंधरा घड्यांनंतर मधली रेघ विरते. पण क्लेने लाकडाची नक्कल करायचा तो प्रकार, तपकिरी-पिवळे थर लाटून खोटे रेषे पाडायचे, तो तुझ्या पाटीवर मला नको. लोक त्यावर फार मेहनत घेतात आणि लांबून ते दिसतंही छान. पण खऱ्या सागवानाला खेटून खोटं सागवान कशाला? क्ले रंगाची आहे, तिला रंगच दाखवू दे.

आता तुझी दुसरी इच्छा. आईंच्या पोस्टकार्डावरची सही पाटीच्या कोपऱ्यात. ही कल्पना वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि जरा वेळ बसले. होईल ते. पोस्टकार्डाला हात लावू नकोस. त्याची झेरॉक्स काढ, ती उलटी, आरशातल्यासारखी काढायला सांग. झेरॉक्सची काळी पूड क्लेवर उतरते, घरच्या शाईच्या प्रिंटरची शाई ओली झाली की पसरते. कच्च्या पांढऱ्या क्लेच्या चपट्या तुकड्यावर ती पालथी घाल, चमच्याच्या पाठीने सगळीकडे सारखी रगड, अर्धा तास तशीच राहू दे. मग कागदाची पाठ ओली करून बोटाच्या पोटाने हळूहळू चोळायला लाग. कागदाच्या वळ्या होऊन निघत जातात आणि खाली अक्षर राहतं. आईंचा तो लांब ओढलेला "सौ." सर्वांत शेवटी चोळ, बारीक रेघ पटकन उचलली जाते.

सहीच्या तुकड्याखाली मी हातकागद लावणार आहे. पुण्याला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणलेला खरखरीत कागद माझ्याकडे शिल्लक आहे. 1940 पासूनची संस्था ती, अजून तसाच कागद मिळतो. 130 अंशांत कागद पेटत नाही, त्याला त्याच्या दुप्पट जवळ उष्णता लागते, पण कच्ची क्ले कागदावर ठेवली की तिच्यातलं तेल कागद शोषतो आणि भोवती तुपट डाग पडतो. म्हणून सही आधी भाजून घ्यायची, मग कागदावर. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे पत्ते, करणारे बसतात ना, मागे आपण दोघी बघत उभ्या होतो, दशावताराची 120 पानं. पूर्वी ती मंडळी कापडाला चिंचोक्याची खळ देऊन आधी कडक करत आणि मग रंग चढवत. मीही कागदाला दोन्ही बाजूंनी फेव्हिकॉलचा पातळ हात देऊन ठेवला आहे. चिंचोके कुटण्याइतका वेळ माझ्याकडे नाही.

पॉलिशचं मी इथेच करून घेते. मेस्त्रींना सांगून ठेवलंय की जिथे गोंद लागणार तिथे पट्टी चिकटवून लाकूड कोरं ठेवा. अक्षरांवर मात्र तू काही मारू नकोस, विशेषतः नेलपॉलिश किंवा फवाऱ्याचं लॅकर. त्यातल्या द्रावणाने क्ले चिकट होते आणि ती चिकट कधी जात नाही. चमक हवीच असेल तर पाण्यात विरघळणारं पॉलियुरेथेन वार्निश, एक पातळ हात. माझं मत विचारशील तर बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून घास आणि जीन्सच्या कापडाने चोळ, त्याला जी मऊ झळाळी येते ती वार्निशला नाही.

फळी लगेच पाठवत नाही. पाऊस थांबू दे, मेस्त्रींच्या माळ्यावर दसऱ्यापर्यंत सुकू दे, मग नवरात्रानंतर नागपूरला येणाऱ्या भाच्याबरोबर देते. आल्यावर दोन आठवडे भिंतीला टेकवून नुसती ठेव, तिथली हवा लागू दे, तोवर भोकं पाडू नकोस. तेवढ्यात मला दारावरची जागा किती इंच आहे ते मोजून कळव, बेलच्या बटणाला पाटी आड येतेय का तेही बघ. आणि आईंची ती झेरॉक्स दोन-चार जास्त काढ, एक मला पाठव.

भाऊजींना नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद.

तुझी,
कुंदा