तुझ्या चौतीस वस्तूंच्या यादीबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सोबतची किराण्याची यादी मिळाली. पत्र एक पानाचं आणि यादी दोन पानांची, तेव्हाच तुझा उत्साह कळला. चौतीस वस्तू! वजन उतरवायला निघालायस की मोहिमेवर? एकदा कौतुकाने वाचली, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसलो आणि एकोणीस वस्तूंवर काट मारली. रागावू नकोस. त्यातल्या बऱ्याचशा वाईट नाहीतच, फक्त आत्ताच्या नाहीत.

तू निवडलेल्या, कमी कार्ब्जच्या (म्हणजे कर्बोदकं, पिष्ट आणि साखर) आहाराचा साचा जुनाच आहे. पहिल्या दोन आठवड्यांत पाव, भात, बटाटा, साखर, फळं सगळं बंद. मग हळूहळू परत आणायचं. आणि शेवटी जे जमतं ते कायम ठेवायचं. अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांनी 1972 साली मांडलेला आहार असाच टप्प्यांचा, पुढे त्याच्या पहिल्या टप्प्यात दिवसाला जेमतेम 20 ग्रॅम कार्ब्ज ठरले. 2003च्या सुमारास गाजलेला साउथ बीच आहारही तीन टप्प्यांचा, त्यात पहिले दोन आठवडे कडक. नावं बदलतात, सांगाडा तोच. मी यातून दोनदा गेलोय, एकदा तोंडघशी पडून आणि एकदा बऱ्यापैकी. त्यातून मला कळलेलं एवढंच, की हा आहार मोडतो तो ताटात नाही, दुकानात मोडतो. आणि पहिल्या टप्प्यात नाही, दुसऱ्या टप्प्याच्या पहिल्या दिवशी मोडतो. माझा कसा मोडला ते पुढे सांगतो, आधी तुझी यादी.

तुझी मोठी चूक म्हणजे तिन्ही टप्प्यांचं सामान एकदम लिहिलंयस. 'एकदाच आणून ठेवतो, रोजची कटकट नको,' असं तू लिहितोस. अरे, ओट्स, मनुका, मध, ब्राउन राइस ही दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याची मंडळी आत्ताच फडताळात येऊन बसली, तर चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला तू आणि मनुकांचं पाकीट समोरासमोर असाल. कोण जिंकेल हे मी तुला कॉलेजपासून ओळखतो म्हणून सांगू शकतो. एका वेळी एकाच टप्प्याचं सामान आण, तेही आठवड्यापुरतं. भाज्या तशाही त्याहून जास्त टिकत नाहीत.

काट मारून उरल्या पंधरा वस्तू. अंडी, चिकन, मासे, टोफू, साधं दही, चीज. मग पालेभाज्या, फ्लॉवर, कोबी, काकडी, ढोबळी मिरची, मशरूम. आणि लिंबं, तेल, बदाम. दोन आठवडे याच्यात आरामात निघतात. कंटाळा येईल, पण उपाशी राहणार नाहीस, आणि सुरुवातीला तेच महत्त्वाचं. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन असतं आणि कार्ब्ज एक ग्रॅमसुद्धा नाहीत. शिजवलेल्या चिकनच्या छातीच्या तुकड्यात 100 ग्रॅमला 30 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. पोट भरल्यासारखं वाटायला याचा फार उपयोग होतो. भाज्या ताज्याच हव्यात असंही नाही. नुसत्या गोठवलेल्या, सॉस किंवा मसाला न घातलेल्या भाज्या तितक्याच चांगल्या. डब्यातला मासाही चालेल, साखरेच्या सॉसमधला तेवढा नको.

बदामांपुढे मी दोन रेघा मारल्यात. काटलेले नाहीत, पण सांभाळून. मी पहिल्या खेपेला 'यात कार्ब्ज कमी' म्हणून मोठं पाकीट आणलं आणि वाचताना, बोलताना, उगीचच वाटीभर संपवत गेलो. 100 ग्रॅम बदामांत 580च्या आसपास कॅलरी असतात. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, प्रोटीन आणि कार्ब्जच्या एका ग्रॅमला 4. हा हिशेब कोणत्याही टप्प्यात बदलत नाही, आहाराचं नाव काहीही असो. सगळ्यात लहान पाकीट घे आणि मोजून खा. तेलाचंही तसंच. एक मोठा चमचा म्हणजे 120 कॅलरी, आणि बाटलीतून थेट कढईत ओतणाऱ्या माणसाचा एक चमचा केवढा असतो हे तुला माहीत आहे.

आता दही. तू लिहिलंयस 'लो-फॅट दही, स्ट्रॉबेरीचं'. हे नको. साध्या दह्यात मुळातच 100 ग्रॅममागे चार-पाच ग्रॅम साखर असते, ती दुधाचीच. तेव्हा डब्यावर 13 ग्रॅम लिहिलेलं दिसलं तर वरचे आठ-नऊ बाहेरून आलेत असं धर. साखरेचा एक लहान चमचा 4 ग्रॅमचा, म्हणजे दोन चमचे. काढून घेतलेल्या सायीची भरपाई पुष्कळदा साखरेने केलेली असते. साधं दही घे, दुसऱ्या टप्प्यात त्यात खरी स्ट्रॉबेरी चिरून घाल.

लेबल वाचायला शिकलास की माझ्या पेन्सिलीची गरज पडणार नाही. पाकिटाच्या पुढच्या बाजूवर विश्वास ठेवू नकोस, ती विकण्यासाठी असते. मागे वळव. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिले तीन वाचले की बरंचसं कळतं. पण साखर वेगवेगळ्या नावांनी विखुरलेली असली, की तिचं एकेक नाव मागे सरकतं: ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट. चौघांना एकत्र उभं केलं तर रांगेत पहिला नंबर लागेल. मग आकडे बघ, पण 'प्रति सर्व्हिंग' नव्हे, 100 ग्रॅमचे. सर्व्हिंग म्हणजे एका वेळी खायचं माप, ते पुष्कळदा पाकीट बनवणारी कंपनीच ठरवते आणि ते कुणाही जेवणाऱ्या माणसाचं नसतं. आणखी एक गोम आहे. फायबर म्हणजे न पचणारा चोथा, म्हणून या आहारात तो कार्ब्जमधून वजा करतात. पण काही देशांच्या लेबलांवर फायबर एकूण कार्ब्जमध्येच धरलेलं असतं, काहींवर आधीच वजा करून वेगळं छापलेलं. बाहेरून आलेल्या पाकिटावर हे न बघता फायबर पुन्हा वजा केलंस, तर कागदावर तू 20 ग्रॅमवर असशील आणि प्रत्यक्षात बराच पुढे.

'शुगर-फ्री बिस्किटं' आणि 'डाएट बार' यांच्यावर मात्र मी रागानेच काट मारली. बिस्किटांत पुष्कळदा माल्टिटॉल असतं. गोड लागतं, साखरेच्या जवळजवळ निम्म्या कॅलरी देतं, रक्तातली साखरही थोडी वाढवतं, आणि जास्त खाल्लं तर पोटात वादळ उठवतं. मी एका बैठकीत अर्धा पुडा खाल्ला होता. त्या रात्री माझी झोप गेली आणि घरच्यांची करमणूक झाली, अधिक तपशील भेटल्यावर. बारचं म्हणशील तर 2019 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटाने 20 माणसांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेल्या पदार्थांवर आणि दोन आठवडे साध्या, घरगुती पद्धतीच्या जेवणावर ठेवून पाहिलं. पुढ्यात ठेवलेल्या जेवणातली साखर, मीठ, स्निग्धांश, फायबर सारखं ठेवलं होतं. तरी पहिल्या प्रकारात माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. 'डाएट' हा शब्द छापल्याने बार काही झाडावर उगवत नाही.

बटाट्यावर काट मारताना मात्र हात अडखळला. 1995 साली सिडनी विद्यापीठात 38 पदार्थांच्या सारख्याच कॅलरी खायला देऊन दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते मोजलं होतं. पांढऱ्या पावाला 100 गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला 323 मिळाले, सगळ्यांत जास्त. क्रॉसाँ या लोणी घातलेल्या पावाला 47. म्हणजे पहिल्या टप्प्यात बिचारा बटाटा बाहेर आणि बदाम आत, हा न्याय नव्हे, फक्त कार्ब्जचा हिशेब आहे. म्हणून त्याच्यावर फुली न मारता नुसता 'नंतर' असं लिहिलंय. उकडलेला, तळलेला नव्हे.

आता माझा मोडलेला आहार. पहिले पंधरा दिवस मी आदर्श होतो. वजन सव्वातीन किलो उतरलं, ज्याला त्याला सांगत सुटलो. सोळाव्या दिवशी दुसरा टप्पा सुरू, म्हणून टेचात दुकानात गेलो आणि 'आता परवानगी आहे' त्या सगळ्या वस्तू आणल्या: पाव, ओट्स, केळी, म्युस्ली, संत्र्याचा रस. सगळं यादीत बसणारं होतं बरं का. तीन दिवसांत काटा दीड किलो वर. मला वाटलं, पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात गेली. गंमत म्हणजे ते खरोखरच पाणी होतं. शरीर कार्ब्जचा साठा ग्लायकोजेन म्हणून ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब्ज बंद केले की साठा रिकामा होतो, पाणी जातं, काटा भराभर उतरतो; परत सुरू केले की थोडं पाणी परत येतं. सव्वातीनमधली चरबी किती आणि पाणी किती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी वैतागून सगळंच सोडलं आणि त्या रात्री अख्खा पाव संपवला. तेव्हा पहिल्या आठवड्यात काटा घसरला तर पेढे वाटू नकोस, आणि दुसऱ्या टप्प्यात किलोभर वर गेला तर मला फोन कर, पावाला हात लावू नकोस.

दुसऱ्या खेपेला मी आठवड्याला एकच वस्तू परत आणली. ही अक्कल माझी नाही. 2018 साली स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने 609 माणसांवर वर्षभर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांनी कार्ब्ज कमी केले, अर्ध्यांनी स्निग्ध पदार्थ. दोघांनाही आधी दिवसाला 20 ग्रॅमपर्यंत खाली यायला सांगितलं आणि मग थोडं थोडं वाढवत, आपल्याला आयुष्यभर झेपेल अशा पातळीवर थांबायला सांगितलं. वर्षाअखेर सरासरी साधारण सहा आणि सव्वापाच किलो उतरलं, म्हणजे फारसा फरक नाही. गटागटांतला फरक नगण्य, पण माणसामाणसांतला प्रचंड: कुणाचं खूप उतरलं, कुणाचं उलट वाढलं. म्हणून तुझी पातळी तुलाच शोधावी लागणार, आणि पाच वस्तू एकदम आल्या तर कोणती सोसली नाही हे कसं कळणार?

मी आधी डाळी आणि कडधान्यं आणली. शिजलेल्या मसुरीत 100 ग्रॅमला 20 ग्रॅम कार्ब्ज असले तरी त्यात आठ ग्रॅमच्या आसपास फायबर, वर 9 ग्रॅम प्रोटीन. पहिल्या टप्प्यात तुंबलेलं पोटही मोकळं होतं (हे तुला कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं दिसणार नाही). डब्यातले राजमा-छोले घेतलेस तर पाणी ओतून धुऊन घे, मीठ बरंच जातं. मग फळं: स्ट्रॉबेरी, सफरचंद, अख्खं संत्रं. रस नाही. मग ओट्स, साधे, चवीचे झटपटवाले नाहीत. पाव सगळ्यात शेवटी, आणि पहिला घटक अख्ख्या धान्याचं पीठ असेल तरच. तपकिरी रंग कॅरॅमलनेही येतो.

एक गोष्ट गंभीरपणे. तू रक्तदाबाची गोळी घेतोस. पहिल्या आठवड्यात पाण्याबरोबर मीठही शरीरातून जातं, रक्तदाब खाली येऊ शकतो, उठताना चक्कर येते. सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेट, गोळीचं प्रमाण त्यांनाच ठरवू दे. मधुमेहाचं औषध कुणी घेत असेल तर त्याने हे विचारल्याशिवाय करूच नये, साखर एकदम उतरते.

तिसऱ्या टप्प्याबद्दल आत्ता लिहीत नाही. मी अजून त्यातच आहे, आणि दर आठवड्याला दुकानात जाण्यापूर्वी जेवून जातो, इतकंच त्यातलं मला जमलेलं शास्त्र. घरच्यांची बिस्किटं मात्र वरच्या फडताळात, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही अशी.

काट मारलेली यादी सोबत आहे. पंधरा दिवसांनी दुसऱ्या टप्प्याची यादी पाठव. तिच्यात एकच वस्तू असली पाहिजे. दोन दिसल्या तर पेन्सिल तयार आहे.

तुझा,
पाव संपवणारा

ता. क. मनुका तू तीन ठिकाणी लिहिल्यायस. मी तिन्ही ठिकाणच्या काढल्यात.