काकांच्या व्हिएतनाममधल्या कंपनीत पैसे घालण्याआधी

हो ची मिन्ह सिटी,
ऑगस्ट 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काका इथे मसाले आणि डाळी आणून विकायची कंपनी काढतायत, त्यात फंडाचे वीस-पंचवीस लाख घालावेत का, असं तुम्ही विचारलंत. धंदा वाईट नाही. पण काका म्हणतायत तशी, ओळखीच्या व्हिएतनामी माणसाच्या नावावर कंपनी निघणार असेल तर एक रुपयाही घालू नका. आई, तूही नीट वाच, पैसे दोघांचे आहेत.

त्याच्या नावावर कंपनी लवकर निघते, हे खरं. पण मग कागदोपत्री तुम्ही कोणीच नसता. त्याच्याशी केलेला खाजगी करार उपयोगाचा नाही. खरा व्यवहार झाकण्यासाठी केलेला दिखाऊ करार इथल्या नागरी संहितेत रद्दबातल ठरतो. शिवाय यंदाच्या 1 जुलैपासून कंपनीचा खरा लाभार्थी मालक कोण, हेही सरकारदरबारी नोंदवावं लागतं. आणि एवढा आटापिटा कशासाठी? घाऊक आणि किरकोळ विक्रीत 2009 पासून शंभर टक्के परकीय मालकी चालते. फक्त तांदूळ, साखर अशा काही मालाला ती मोकळीक नाही, म्हणून काकांच्या यादीतला बासमती आत्ताच बाजूला काढा. घाऊक विक्रीने सुरुवात करा. किरकोळ दुकानाला वेगळा परवाना लागतो आणि त्यात महिने जातात.

रीतसर मार्ग असा. तुम्ही दोघे भाऊ मिळून मर्यादित दायित्वाची कंपनी काढायची. आधी गुंतवणूक नोंदणी प्रमाणपत्र, मग कंपनी नोंदणी प्रमाणपत्र. दोन्हींचे अर्ज शहराच्या वित्त विभागात जातात (नियोजन व गुंतवणूक विभाग यंदा त्यातच विलीन झाला). पहिल्याला कायद्याने पंधरा दिवस, दुसऱ्याला कामाचे तीन दिवस. प्रत्यक्षात दीड-दोन महिने धरा, कारण फाईल एखाद्या कागदासाठी परत येतेच. कार्यालयाचा पत्ता राहत्या फ्लॅटचा चालत नाही. भाडेकरारासोबत घरमालकाच्या जमीन-वापर प्रमाणपत्राची (जागेवरच्या हक्काचा इथला कागद) प्रत मागून घ्यायची. ती तो देत नसेल तर ती जागा सोडायची.

तुमची फाईल सगळ्यात जास्त अडेल ती नावावर. पासपोर्टवर तुमचं नाव, आजोबांचं नाव आणि आडनाव असं पूर्ण आहे. बँकेच्या पासबुकात आजोबांच्या नावाचं फक्त आद्याक्षर आहे. इथला अधिकारी अक्षर अक्षर जुळवतो आणि त्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात. म्हणून आधी बँकेत जाऊन खात्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या, मगच खात्यातल्या शिलकेचं प्रमाणपत्र मागा. त्यानंतर इथे लागणाऱ्या कागदांवर नोटरी, मंत्रालयात गृह विभागाचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन आणि शेवटी मुंबईतल्या व्हिएतनामी वकिलातीचा शिक्का. नुसत्या अपोस्टिलवर (अनेक देशांत चालणारा साक्षांकनाचा एकच शिक्का) यंदा, 2025 मध्ये तरी, इथे काम होत नाही. व्हिएतनामी भाषांतर मी इथे करून घेईन.

आता पैशाचं. कंपनी नोंदणीच्या तारखेपासून 90 दिवसांत ठरलेलं भांडवल भरावंच लागतं. ते कंपनीच्या चालू खात्यात भरायचं नाही. त्यासाठी बँकेत थेट गुंतवणुकीचं भांडवल खातं उघडतात. तुमचा वाटा तुमच्याच नावाच्या खात्यातून त्या खात्यात आला पाहिजे आणि कारणाच्या रकान्यात ‘भांडवल भरणा’ असं लिहिलेलं पाहिजे. तुमचे पैसे काकांनी त्यांच्या खात्यातून पाठवले, तर ते तुमचं भांडवल धरलं जात नाही. मधल्या बँकेने वीस-तीस डॉलर कापले तरी भरणा तेवढ्याने कमी पडतो. म्हणून सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडून, असा पर्याय निवडायचा. नफा किंवा भांडवल परत नेताना बँक हाच माग तपासते. जो पैसा या खात्यातून आत आलाच नाही, तो कायदेशीर मार्गाने बाहेर काढता येत नाही.

तिकडच्या बाजूने तुम्हाला परदेशी पैसे पाठवायला आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती आपल्याला पुरून उरते. बँकेत एफसी फॉर्म (परदेशी गुंतवणुकीचा अर्ज) भरून रिझर्व्ह बँकेचा यूआयएन, म्हणजे या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, पैसे पाठवण्याआधी घ्यायचा, नंतर नाही. दहा लाखांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (बँक आगाऊ कापते तो कर) कापला जाईल. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो, तेव्हा तेवढी शिल्लक हाताशी ठेवा. मग दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता आणि 31 डिसेंबरपर्यंत बँकेत वार्षिक कामगिरी अहवाल.

नफा वर्षातून एकदाच बाहेर नेता येतो. त्याआधी लेखापरीक्षण पूर्ण, कर चुकता आणि कर कार्यालयाला किमान सात कामकाजी दिवस आधी सूचना द्यावी लागते. मागचा तोटा भरून निघाला नसेल तर काहीच नेता येत नाही. पहिली दोन वर्षं तरी लाभांश धरू नका. औषधपाण्याचा खर्च ज्यावर चालतो तो पैसा यात नको.

एक गोष्ट काकांना वाईट वाटलं तरी सोडू नका. सर्वसाधारण ठरावाला 65 टक्के आणि सनद (कंपनीची नियमावली) बदलणं, निम्मी किंवा त्याहून जास्त मालमत्ता विकणं, कंपनी बंद करणं अशा मोठ्या ठरावाला 75 टक्के मतं लागतात. तुमचा हिस्सा 25 टक्क्यांच्या वर असला आणि तुम्ही सभेला हजर असलात, तर मोठं काही तुमच्याशिवाय होणार नाही. वीस टक्क्यांत मात्र तुमच्या नकाराला किंमत नाही. कायद्याने सनदेत वेगळे आकडे घालता येतात, म्हणून सही करण्याआधी तिचा मसुदा मला पाठवा.

मालाबद्दल काकांना एवढंच सांगा: प्रत्येक पाकीटबंद मसाल्याचा बारा महिन्यांच्या आतला प्रयोगशाळेचा अहवाल आणि पाकिटावर व्हिएतनामी लेबल लागतं. अहवाल नसेल तर कंटेनर बंदरात पडून राहतो आणि भाडं चढत जातं.

आधी पासबुकावरच्या नावाचं काम करा. ते झालं की रविवारी फोन करा, तेव्हा काकांनाही बोलावून घ्या.

तुमची,
मेघा