स्पर्धेची अंतिम फेरी काट्यापाशी घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

किरकोळ दुकानांच्या अडचणींवर तंत्रज्ञान शोधणाऱ्या नवोपक्रम स्पर्धा आता महाविद्यालयांतही भरतात. मुलांचे सादरीकरण झकास असते, पण पडद्यावरचा माल बहुधा पाकीटबंद आणि बारकोड असलेला! नागपूरच्या इतवारी-मस्कासाथ बाजारात डाळ, जवस, तिखट पोत्यातून सुटे विकले जाते आणि बहुतेक प्रकल्प तिथेच अडतात.

दुकानातला नेहमीचा काटा 30 किलोचा, 5 ग्रॅमच्या टप्प्याचा (म्हणजे आकडा 5-5 ग्रॅमने बदलणारा) आणि अचूकतेच्या तिसऱ्या वर्गाचा असतो. त्याची किमान क्षमता टप्प्याच्या 20 पट, म्हणजे 100 ग्रॅम. सरकारी पडताळणीत कमी वजनाला अडीच ग्रॅम इकडेतिकडे चालते, म्हणून 50 ग्रॅम जिऱ्यात ही चूक 5 टक्क्यांपर्यंत जाते. अशा मालाला 1 ग्रॅम टप्प्याचा वेगळा छोटा काटा लागतो, आणि त्याचा खर्च प्रकल्पात धरलेला नसतो.

काटा उघडून लोडसेलच्या (वजन मोजणाऱ्या आतल्या भागाच्या) तारांना जोड देणे हा आणखी एक घातक प्रकार. सील तुटले की वैधमापन (वजने-मापे) खात्याची फेरपडताळणी होईपर्यंत तो काटा व्यापारात वापरता येत नाही. काट्याला संगणक जोडण्याचे आरएस-232 पोर्ट असेल तर वजन तिथूनच घ्यावे. तेही आकडा स्थिर झाल्यावर; नाहीतर पिशवी ठेवतानाचा हेलकावा बिलात उतरतो.

मुदत संपलेला माल ओळखणे हा स्पर्धकांचा आवडता विषय. मात्र 890 ने सुरू होणाऱ्या नेहमीच्या 13 अंकी बारकोडमध्ये तारीख नसतेच. जुन्या आणि नव्या खेपेच्या बिस्किटांचा कोड एकच. कॅमेऱ्याने तारीख वाचायची तर चकाकत्या प्लास्टिकवरची ठिपक्यांची छपाई घडीत तुटते, आणि ‘पॅकिंगपासून 6 महिने’ असे लिहिले असेल तर हिशेबही करावा लागतो. बारकोडचे नियम ठरवणाऱ्या जीएस1 संस्थेच्या द्विमितीय (क्यूआरसारख्या चौकोनी) कोडमध्ये 17 या खुणेनंतर मुदत आणि 10 नंतर बॅच क्रमांक घालता येतो. तो सगळ्या पाकिटांवर येईपर्यंत माल उतरवतानाच तारीख नोंदवण्याची झटपट सोय करणे जास्त उपयोगाचे. ते काम दिसायला रटाळ आहे, म्हणून त्याला बक्षीस मिळत नाही.

लेबलचेही तसेच. साधी थर्मल चिठ्ठी तेलकट हाताने पुसट होते आणि मे महिन्यात काचेमागच्या उन्हात काळवंडते. चिवड्याच्या पाकिटावर रिबनची (शाईच्या फितीने केलेली) छपाईच टिकते.

इंटरनेट गेल्यावर दोन गल्ल्यांवर एकाच क्रमांकाची बिले निघू नयेत, यासाठी प्रत्येक गल्ल्याला स्वतंत्र मालिका द्यावी. जीएसटीच्या बिलाचा क्रमांक 16 अक्षरांपुरताच असतो आणि आर्थिक वर्षात त्याची पुनरावृत्ती चालत नाही. लांबलचक यादृच्छिक क्रमांक देणारे प्रकल्प इथेच बाद व्हायला हवेत.

आयोजकांना विनंती, की अंतिम फेरी चालू दुकानात घ्यावी. वीस जिनसांची यादी द्यावी, त्यांतल्या आठ सुट्या. मध्येच इंटरनेट बंद करावे. एक जिन्नस परत यावी आणि अर्धी रक्कम उधारीवर जावी. परीक्षकांत रोज गल्ल्यावर बसणारा एक जण असावा, त्याला मानधनही द्यावे. वेळ मात्र दुपारची निवांत नको. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली, संध्याकाळी सातची ठेवावी.

आपले,
वजनकाटे व बिलिंग यंत्रांची कामे करणारे काही जण, इतवारी, नागपूर