पंखा बदलण्याआधी आरपीएम मीटर तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बोटीच्या मागे बसवलेले आउटबोर्ड इंजिन फुल थ्रॉटलला ठरलेले आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठत नाही, म्हणून पंखा (प्रोपेलर) बदला, असा सल्ला सर्रास दिला जातो. पिच, म्हणजे पंखा एका फेऱ्यात सैद्धान्तिकदृष्ट्या जितका पुढे जातो ते अंतर, एक इंचाने कमी-जास्त केली तर साधारण 150 ते 200 आरपीएमचा फरक पडतो. मीटरच 300 ने चुकत असेल, तर चांगला पंखा उगाच बदलला जातो. उलट बाजूही तितकीच वाईट. मीटर जास्त दाखवत असेल तर इंजिन प्रत्यक्षात जास्त भाराखाली दबून चालत राहते, कार्बन साचतो आणि पिस्टन तापतात.

बहुतेक काट्याचे मीटर स्टेटरमधून (इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या भागातून) येणारे पल्स, म्हणजे विजेचे ठोके, मोजतात. 12 पोलचा स्टेटर एका फेऱ्याला 6 पल्स देतो, 10 पोलचा 5. मीटरच्या पाठीमागे यासाठी छोटा निवडक स्विच असतो. कोणी त्यावर पोल छापतो, कोणी पल्स, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. इंजिन 12 पोलचे आणि स्विच 10 पोलवर असेल, तर खरे 5000 असताना काटा 6000 दाखवतो. स्विचचे संपर्क गंजले तरी काटा चुकतो. वीज बंद करून तो दहा-पंधरा वेळा पुढेमागे फिरवावा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होते.

तुलनेसाठी प्लगच्या वायरीवर चालणारा इंडक्टिव्ह मीटर घ्यावा. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी पडते. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. मात्र वेस्टेड स्पार्क (एक्झॉस्टच्या वेळीही जादा ठिणगी पडण्याची) पद्धत असेल तर तिथेही प्रत्येक फेऱ्याला एक. हे सेटिंग चुकले की वाचन थेट दुप्पट किंवा निम्मे येते. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर वायर सापडत नाही, मग इसीयूला (इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला) डायग्नॉस्टिक उपकरण जोडून आकडा वाचावा. ऑप्टिकल मीटर वापरायचा तर फ्लायव्हीलवर परावर्तक पट्टीचा एकच तुकडा लावावा आणि ट्यूबलाइटखाली मोजू नये. 50 हर्ट्झवरची चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, त्यामुळे मीटर इंजिन बंद असतानाही 6000 दाखवू शकतो! फ्लायव्हीलचे झाकण काढून मोजायचे ते फक्त न्यूट्रलमध्ये, मंद गतीवर. पाणी शोषणाऱ्या छिद्रांवर कानटोप्या (नळी जोडायच्या रबरी वाट्या) लावून नळाच्या पाण्यावर इंजिन चालवतानाही थ्रॉटल वाढवू नये.

खरी तपासणी पाण्यात, भार असताना. एकाने सुकाणू सांभाळावे, दुसऱ्याने वाचन लिहावे. मंद गती, 2000, 3500 आणि फुल थ्रॉटल, असे चार आकडे पुरतात. सगळीकडे चूक सारख्याच टक्क्यांची असेल तर दोष पोलच्या सेटिंगचा. म्हणूनच फक्त मंद गतीवर तपासून भागत नाही: 700 चे 840 झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. सगळीकडे ठरावीक 200 चाच फरक असेल तर काटा सरकलेला आहे. काटा थरथरत किंवा मध्येच पडत असेल तर आधी अर्थिंग, मग सिग्नलची वायर, मग रेग्युलेटर-रेक्टिफायर, या क्रमाने बघावे. मीटर बदलणे शेवटी. काट्याच्या मीटरात शे-दीडशेचा फरक आम्ही चालवून घेतो.

हाताशी दुसरा मीटर नसेल तर जीपीएसवरून ढोबळ पडताळा घेता येतो. आरपीएम गुणिले पिच (इंचात), भागिले गिअर रेशो (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे), भागिले 1215, म्हणजे नॉटमधला (तासाला सागरी मैल) सैद्धान्तिक वेग. 5500 आरपीएम, 17 पिच आणि 1.85 रेशोला तो 41.6 नॉट येतो. स्लिपमुळे, म्हणजे पंखा पाण्यात थोडा निसटत असल्याने, प्रत्यक्ष वेग यापेक्षा कमीच असायला हवा. जीपीएस 43 दाखवत असेल, तर पंख्यावर कोरलेली पिच आणि रेशो आधी पडताळावेत. ते बरोबर निघाले तर मीटर कमी दाखवतो आहे. प्रवाह आणि वारा वगळण्यासाठी त्याच मार्गावर दोन्ही दिशांनी जाऊन सरासरी घ्यावी.

आपला,
एक सागरी इंजिन तंत्रज्ञ