चि. सुहासला, विसरलेल्या पुस्तकासोबत

वाई, सोमवार

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

पाडव्याला तू ताटावरून उठून गेलास, तेव्हा तुझं पुस्तक टीव्हीपाशी राहिलं. ते कुरिअरने पाठवतोय. दादाला नोटीस पाठवलीस का, हे विचारायला हे पत्र नाही. विषय काढायचा नाही, अशी तुझ्या आईची ताकीद आहे.

पुस्तक वाचलं, दोनदा. सुन त्झू या जुन्या चिनी सेनापतीचं युद्धकलेवरचं पुस्तक, १३ प्रकरणं, रोज दुपारी एक. तुझ्या पेन्सिलीच्या रेघा पाहिल्या. युद्ध म्हणजे फसवणूक, शत्रू बेसावध असेल तिथे घाला घाल, असल्या ओळींखाली. दुसरं प्रकरण मात्र कोरं. ते खर्चाचं आहे. लाखाच्या सैन्याला रोज हजार मोहरा लागतात, आणि लांबलेल्या युद्धाने कुठल्याच राज्याचं भलं झालेलं नाही, म्हणतो. तेराव्यात तर हिशेबच दिलाय: लाखाचं सैन्य निघालं की सात लाख घरांची शेतीची कामं अडतात.

३१ वर्षं बेलिफ होतो रे मी. धोमकडच्या एका गावात वाटपाच्या दाव्याचं समन्स घेऊन गेलो होतो. धाकटा वादी, थोरला प्रतिवादी. थोरला रानात. म्हातारीने ओसरीवर बसवलं, चहा ठेवला. "कागद धाकट्याचा ना?" एवढंच तिने विचारलं. माझा चहा निवला, तर उठून परत गरम करून आणला. मी रिटायर झालो तेव्हा दावा चालूच होता. घरात मधोमध भिंत घातली, ती नेमकी तुळशीवर आली, म्हणून तुळस काढली.

झालं, मी सुरू झालो. माफ कर. तू शिकलेला आहेस.

पण एक सांगतो. "स्वतःला ओळखा, शत्रूला ओळखा, शंभर लढाया जिंकाल," असं तू दादाच्या तोंडावर म्हणालास. पुस्तकात 'जिंकाल' नाही. शंभर लढायांत धोका नाही, एवढंच आहे. शंभरच्या शंभर जिंकणं ही काही थोरवी नव्हे, न लढता नमवणं ही खरी, हेही त्याच प्रकरणात आहे. आणि शत्रू कोण, तर दादा? तू सांगलीला शिकत होतास, तेव्हा पहाटे तीनला दुधाच्या टेम्पोवर कोण जायचं?

हेच पुस्तक बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेलं, १९७२ साली चीनच्या शांदोंग प्रांतात, हान काळातल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात सापडलं म्हणे. बहात्तर साल! आपल्याकडे दुष्काळ. आमची आई खडी फोडायला जायची, आम्ही सुकडीच्या रांगेत. माझा भाऊ आप्पा त्याच्या वाटची निम्मी माझ्या थाळीत टाकायचा. त्या आप्पाशी मी पुढे ११ वर्षं बोललो नाही. विहिरीवरून. काय झालं होतं, ते आता मलाही धड सांगता येणार नाही. गेलो तेव्हा त्याच्या नाकात नळी होती. त्याने नुसतं पाहिलं.

बाराव्या प्रकरणात आहे बघ: राग निवतो, माणूस पुन्हा हसतो, पण बुडालेलं राज्य आणि मेलेली माणसं परत येत नाहीत. त्याखाली रेघ मीच मारली. तुझं पुस्तक खराब केलं.

सेनापतीचे पाच दोष दिलेत. चटकन तापणं हा तुझा, तो माझ्याकडूनच आलाय. पाचवा, माणसांवर फार माया असणं. त्यावर मी काही लिहीत नाही.

तुझ्या नोटिशीचा मसुदा सातव्या प्रकरणात घडी घालून होता. वाचायला नको होता, वाचला. झकास लिहिलायस. आमच्या कोर्टात भले भले वकील पाहिले, इतका स्वच्छ कागद क्वचित दिसायचा. आईला वाचून दाखवताना मी 'कसं लिहिलंय बघ' म्हणालो, तर ती उठून आत गेली. पण 'सात दिवसांच्या आत' म्हटलंस आणि दादाला कुठली वाटच ठेवली नाहीस. वेढलेल्या सैन्याला एक बाजू मोकळी ठेवावी, हे त्याच प्रकरणात आहे. तुझी घडी त्याच पानावर होती, म्हणून म्हटलं.

मसुदा होता तिथेच ठेवलाय. दुसरी प्रत तुझ्याकडे असणारच.

पार्सलमध्ये चकल्या आहेत. निळ्या डब्यातल्या आईच्या. स्टीलच्या डब्यातल्या वहिनीने पाठवल्यात, मी मागितल्या नव्हत्या. डबा तिचा आहे, परत आण.

नोटीस गेली का, तेवढं कळव.

तुझा,
बाबा